संगणक प्रणालीतील कालक्षेत्रे आणि उन्हाळी वेळेचे नियम : एक विवेचन

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाने आयोजित केलेल्या ऑनलाइन चर्चासत्राच्या तांत्रिक व्यवस्थेची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे होती. बीजभाषणासाठी न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या एका मराठी अभ्यासकांना निमंत्रित करण्यात आले होते. चर्चासत्र मार्च महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात होते आणि निमंत्रणपत्र फेब्रुवारीत पाठविले गेले. त्यात सायंकाळी ७ ही भारतीय वेळ आणि तिच्यापुढे 'आपल्याकडील सकाळी ८.३०' असे सौजन्याने लिहिलेले होते. फेब्रुवारीतील हिशेबाप्रमाणे ते अचूकच होते, कारण त्या काळात न्यूयॉर्क व न्यू जर्सी भारताच्या १० तास ३० मिनिटे मागे असतात. तथापि मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे गेली आणि हे अंतर ९ तास ३० मिनिटांवर आले. पाहुणे त्यांच्या घड्याळाप्रमाणे ८.३० वाजता, म्हणजे आपल्याकडील सायंकाळी ६ वाजता, संगणकापुढे येऊन बसले. दुवा बंद होता. तासभर वाट पाहण्याचा मोठेपणा त्यांनी दाखविला म्हणून कार्यक्रम पार पडला.

या प्रसंगात संगणकाची चूक काहीच नव्हती. चूक होती ती वेळ नोंदविण्याच्या आपल्या पद्धतीची. वर्षभर एकच प्रमाणवेळ पाळणाऱ्या देशात वाढल्यामुळे वेळेतील फरक ही कायमची संख्या आहे असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ही संख्या त्या त्या देशाच्या शासननिर्णयावर अवलंबून असते आणि ती बदलते. असे बदलणारे नियम संगणकाला कसे सांगितले जातात, ते कोण सांगते आणि त्यात आपल्या इतिहासाचे काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. लेख संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांपुरता मर्यादित नाही. परीक्षा, प्रवेश, सेवापुस्तके आणि संशोधन या सर्वांशी संबंधित असणाऱ्या अध्यापकांना उपयोगी पडावा, असा हेतू आहे.

क्षण, अंतर आणि क्षेत्र

संगणकातील वेळेचा विचार करताना तीन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली संकल्पना 'क्षण' ही होय. बहुतेक संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद लोटले हे मोजतात. त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. हा सेकंदांचा आकडा जगभर एकच असतो, त्याला देश नसतो. या मोजणीचा पाया असलेल्या जागतिक वेळेला यूटीसी म्हणतात.

दुसरी संकल्पना 'अंतर' ही होय. यूटीसीपेक्षा स्थानिक घड्याळ किती पुढे वा मागे आहे, ते अंतर. भारताचे अंतर अधिक ५ तास ३० मिनिटे, नेपाळचे अधिक ५ तास ४५ मिनिटे. तिसरी संकल्पना 'कालक्षेत्र', म्हणजे ज्याला आपण व्यवहारात टाइम झोन म्हणतो ती होय. अंतर आणि कालक्षेत्र एकच आहेत असे मानणे ही या विषयातील सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. कालक्षेत्र म्हणजे एखाद्या प्रदेशातील अंतर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत किती होते, याचा संपूर्ण इतिहास आणि पुढील काळासाठी ज्ञात असलेला नियम.

श्रीलंकेच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. आज कोलंबो आणि मुंबई येथील घड्याळे सारखीच चालतात. परंतु श्रीलंकेने मे १९९६ मध्ये आपली वेळ एक तास पुढे नेऊन अंतर ६ तास ३० मिनिटे केले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते ६ तासांवर आणले आणि एप्रिल २००६ मध्ये पुन्हा ५ तास ३० मिनिटे स्वीकारले. त्यामुळे २००० सालच्या कोलंबो येथील एखाद्या नोंदीची वेळ भारतीय वेळेप्रमाणे वाचली, तर अर्ध्या तासाची चूक होईल. अंतर आज समान असले तरी कालक्षेत्रे दोन आहेत.

येथे संक्षेपांविषयीही एक शब्द लिहिणे आवश्यक आहे. 'आयएसटी' हा संक्षेप आपण भारतीय प्रमाणवेळेसाठी वापरतो, पण इस्रायल आणि आयर्लंड हे देशही आपापल्या वेळेसाठी तोच वापरतात. म्हणून संगणकाला आयएसटी एवढेच सांगणे म्हणजे टपालावर केवळ 'पाटील' असे नाव लिहून ते कोल्हापूरला पाठविण्यासारखे आहे.

नियम लिहिण्याची पद्धत

जुन्या युनिक्स प्रणालींत वेळेचा नियम एका छोट्या शब्दमालिकेत लिहिला जात असे आणि आजही ती पद्धत जिवंत आहे. त्या पद्धतीत भारताची वेळ 'आयएसटी-५:३०' अशी लिहितात. पूर्वेकडील देशाला उणे चिन्ह पाहून प्रथम वाचणारा गोंधळतो. येथे ग्रिनिचच्या पश्चिमेला धन मानण्याचा संकेत आहे, त्यामुळे आपल्या वाट्याला उणे येते. या उलट्या चिन्हामुळे सर्व्हर चुकीच्या दिशेने लावला गेल्यास ११ तासांची तफावत पडते. न्यूयॉर्कसाठी हीच मालिका 'ईएसटी५ईडीटी,एम३.२.०,एम११.१.०' अशी होते. तिचा अर्थ असा, की तिसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळी वेळ सुरू होते आणि अकराव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी संपते. या पद्धतीत एकच मर्यादा आहे, पण ती मोठी आहे. तिला केवळ आजचा नियम माहीत असतो, कालचा नाही. अमेरिकेत २००६ पर्यंत उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपत असे. २००५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने हे बदलले आणि २००७ पासून नवा नियम लागू झाला. वरील मालिका वापरणारा संगणक २००५ च्या मार्चमधील वेळाही नव्याच नियमाने दाखवील.

या अडचणीवरचा उपाय आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या माहितीसाठ्याने दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांत काम करणाऱ्या ओल्सन यांचे हे काम पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल एगर्ट यांनी सांभाळले. साध्या मजकुराच्या काही फायली एवढेच त्याचे स्वरूप आहे. आपल्या हातातील अँड्रॉइड वा आयफोन, लिनक्स सर्व्हर, जावा आणि पायथनसारख्या भाषा, बहुतांश माहितीसाठा प्रणाली या सर्व यावर अवलंबून आहेत. विंडोज प्रणालीची कालक्षेत्रांची नावे वेगळी आहेत, त्यामुळे दोन्हींमध्ये देवाणघेवाण करताना नावांचे कोष्टक लागते.

या माहितीसाठ्यात तीन प्रकारच्या ओळी असतात : रूल, झोन आणि लिंक. रूलच्या ओळीत नियम कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, किती वाजता लागू होतो आणि घड्याळ किती पुढे जाते हे लिहिलेले असते. अमेरिकेच्या ओळीचे मराठी रूप करायचे झाल्यास '२००७ पासून पुढे, मार्च, ८ तारखेला किंवा तीनंतर येणारा पहिला रविवार, २ वाजता, १ तास' असे होईल. 'दुसरा रविवार' असे न म्हणता '८ तारखेला वा नंतर' असे म्हणण्यातील चतुराई लक्षात घेण्याजोगी आहे. महिन्याचा दुसरा रविवार ८ ते १४ या तारखांतच पडतो, म्हणून दोन्ही विधाने सारखीच ठरतात आणि संगणकाला मोजणे सोपे जाते. युरोपीय संघाच्या ओळीत 'शेवटचा रविवार, १ वाजता' असे असते आणि त्या एकपुढे एक अक्षर जोडलेले असते. ही वेळ स्थानिक नसून जागतिक आहे, असे ते अक्षर सांगते. म्हणूनच लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत सर्व घड्याळे एकाच क्षणी बदलतात, तर अमेरिकेत प्रत्येक क्षेत्र आपापल्या २ वाजता बदलते.

अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि युरोप शेवटच्या रविवारी बदलत असल्याने मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांतील अंतर ५ ऐवजी ४ तासांचे असते. तिन्ही ठिकाणच्या अभ्यासकांची बैठक ठरवावयाची असल्यास हे आठवडे शक्यतो टाळावेत.

घड्याळ पुढे-मागे होण्याचे दोन तार्किक परिणाम आहेत. मार्चमधील त्या रविवारी न्यूयॉर्कमध्ये १ वाजून ५९ मिनिटांनंतर एकदम ३ वाजतात. म्हणजे अडीच वाजता ही वेळ त्या दिवशी अस्तित्वातच नसते. याउलट नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड वाजता ही वेळ दोनदा येते. त्या रात्री जन्मलेल्या जुळ्यांपैकी पहिल्याची नोंद १ वाजून ५० मिनिटे आणि वीस मिनिटांनी जन्मलेल्या दुसऱ्याची १ वाजून १० मिनिटे अशी होऊ शकते आणि कागदोपत्री धाकटा थोरला ठरतो. अंतरासह नोंद केली तरच हा घोळ टळतो.

एशिया/कोलकाता : आठ ओळींचा इतिहास

भारतातील प्रत्येक संगणकाच्या मांडणीत 'एशिया/कोलकाता' किंवा जुन्या प्रणालींत 'एशिया/कलकत्ता' हे नाव आढळते. विद्यार्थी नेहमी विचारतात, की दिल्ली वा मुंबई का नाही? या माहितीसाठ्यात क्षेत्राला देशाचे नाव देत नाहीत, कारण देशांच्या सीमा आणि नावे बदलतात. त्या क्षेत्रातील एखाद्या मोठ्या शहराचे नाव देतात आणि एकदा दिलेले नाव सहसा बदलत नाहीत. शहराचे अधिकृत नाव २००१ मध्ये बदलल्यावर यथावकाश येथेही बदल झाला आणि जुने नाव लिंकच्या ओळीने नव्याला जोडून ठेवले गेले.

या नावाखाली आठ ओळी आहेत. १८५४ पर्यंत कोलकात्याची स्थानिक वेळ ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद. मग १८७० पर्यंत ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद. १८७० पासून मद्रासची वेळ, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, जी रेल्वेने स्वीकारली होती. १ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर आधारलेली ५ तास ३० मिनिटे. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या चार ओळी येतात. ऑक्टोबर १९४१ पासून एक तास पुढे, १५ मे १९४२ रोजी पुन्हा मूळ वेळ, सप्टेंबर १९४२ पासून परत एक तास पुढे आणि १५ ऑक्टोबर १९४५ पासून आजतागायत ५ तास ३० मिनिटे. म्हणजे 'भारतात उन्हाळी वेळ कधीच नव्हती' हे आपले नेहमीचे विधान अचूक नाही. युद्धकाळात सुमारे तीन वर्षे देशाचे घड्याळ सलग साडेसहा तास पुढे होते.

या आठ ओळींत मुंबई कोठेही नाही, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाने थांबून पाहण्यासारखी आहे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती सहजासहजी स्वीकारली नाही. त्या वर्षीच्या जानेवारीत गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध दंगा केला होता. गिरणीचा भोंगा ३९ मिनिटे आधी वाजणार, हा त्यांच्या दृष्टीने खगोलशास्त्राचा प्रश्न नव्हता. पुढे १९५५ पर्यंत शहराच्या व्यवहारात मुंबई वेळ टिकून होती. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक सांगे आणि गावाचे दुसरे.

माहितीसाठ्याच्या रचनेत याला जागा नाही, कारण दोन ठिकाणांची घड्याळे १९७० नंतर वेगळी चालली असतील तरच त्यांना स्वतंत्र क्षेत्र द्यायचे असा नियम आहे. संगणकाच्या क्षणगणनेचा आरंभ १९७० चा असल्याने ही सीमा निवडली गेली. व्यवहाराच्या दृष्टीने ती योग्य आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. प्रत्येक गावाची प्रत्येक जुनी वेळ नोंदवू गेल्यास हे काम कधी संपणारच नाही. परंतु त्याचा अर्थ असा होतो, की १९७० पूर्वीच्या मुंबई-पुण्याविषयी संगणक जे सांगतो ते प्रत्यक्षात कोलकात्याविषयीचे विधान असते. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. त्या तारखेसाठी 'एशिया/कोलकाता' हे क्षेत्र ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद असे अंतर देते. रत्नागिरीच्या रेखांशावरून काढलेली स्थानिक वेळ मात्र सुमारे ४ तास ५३ मिनिटे येते. फरक बरोबर एका तासाचा. जन्मपत्रिका मांडणाऱ्या आज्ञावलीला हा फरक थोडा नव्हे. एका तासात आकाश सुमारे १५ अंश फिरते, म्हणजे लग्नरास बदलू शकते. पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, १९५५ पूर्वीच्या मुंबईतील जन्मवेळ, रुग्णालयाची नोंद वा पोलिसांची दैनंदिनी वाचणाऱ्या इतिहास संशोधकाने 'ही वेळ कोणती?' हा प्रश्न स्वतःच विचारला पाहिजे. संगणक तो विचारणार नाही.

युद्धकाळातील त्या एका तासाचा परिणाम अधिक अनपेक्षित ठिकाणी दिसतो. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना जन्मतारीख १ जून लिहिण्याची रीत सर्वांना परिचित आहे. समजा, एका निवृत्त अध्यापकांची जन्मतारीख १ जून १९४३ अशी आहे. अनेक आज्ञावली जन्मतारीख केवळ तारीख म्हणून न साठवता 'त्या दिवशीची मध्यरात्र' या क्षणाच्या रूपात साठवतात. वरील आठ ओळी माहीत असलेली प्रणाली १ जूनची मध्यरात्र साडेसहा तासांनी मागे नेऊन ३१ मे, सायंकाळी साडेपाच, यूटीसी असा क्षण लिहील. आता हीच नोंद, भारताचे अंतर सदैव साडेपाच तास असते असे मानणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीने वाचली, तर तिला ३१ मे, रात्री ११ असे दिसेल. जन्मतारीख एका दिवसाने मागे गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे निवृत्तीच्या दिनांकाला सुदैवाने धक्का लागत नाही. परंतु निवृत्तिवेतनाच्या नोंदीतील तारीख आणि ओळखपत्रावरील तारीख जुळत नाही आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाला त्यासाठी कार्यालयात खेटे घालावे लागतात. जन्मतारखेला वेळ नसते, म्हणून ती क्षणाच्या रूपात साठवूच नये.

शासननिर्णय आणि संगणक

उन्हाळी वेळेचा नियम निसर्गाने ठरविलेला नसतो, शासन ठरविते आणि शासनाला घाई असू शकते. लेबनॉनमधील मार्च २०२३ ची घटना या दृष्टीने बोलकी आहे. तेथे २६ मार्चच्या आरंभी घड्याळे एक तास पुढे न्यावयाची होती. अवघे दोन-तीन दिवस उरले असता, २३ मार्च रोजी, पंतप्रधान नजीब मिकाती यांच्या शासनाने रमजानच्या उपवासकाळात हा बदल नको म्हणून तो एप्रिलच्या २० तारखेनंतर नेला. माहितीसाठ्याच्या व्यवस्थापकांनी त्याच दिवशी '२०२३-बी' ही आवृत्ती काढली. पण मॅरोनाइट चर्चने, अनेक शाळांनी आणि काही दूरचित्रवाहिन्यांनी निर्णय पाळण्यास नकार दिला. एकाच देशात दोन वेळा चालू लागल्या आणि कोणती पाळायची हे धर्मावरून ओळखले जाऊ लागले. २७ मार्चला मंत्रिमंडळाने निर्णय मागे घेतला व २९ मार्चच्या मध्यरात्री घड्याळे पुढे नेण्याचे ठरविले. २८ मार्चला '२०२३-सी' ही आवृत्ती आली. तिच्यात लेबनॉनविषयीचा बदल सरळ काढून टाकलेला होता, जणू काही घड्याळे २६ मार्चलाच पुढे गेली. त्या चार दिवसांचे सत्य आता फक्त फायलीतील टिपणात आहे. नियमाच्या ओळीत ते बसलेच नसते, कारण नियमाच्या ओळीला एका जागी एकच वेळ समजते.

मोरोक्कोने २०१८ पासून वर्षभर एक तास पुढची वेळ स्वीकारली, मात्र रमजानच्या काळात घड्याळ एक तास मागे नेले जाते. रमजान चांद्र कालगणनेने येत असल्याने कोणताही 'अमुक महिन्याचा शेवटचा रविवार' असा नियम येथे चालत नाही. त्यामुळे माहितीसाठ्यात २०८७ पर्यंतच्या संभाव्य तारखा गणित करून एकेक ओळीने लिहून ठेवल्या आहेत. दिवाळी-गणपतीच्या तारखा दरवर्षी पंचांगात पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. आयर्लंडचा कायदा आणखी वेगळा. तेथे उन्हाळ्यातील वेळ हीच प्रमाणवेळ आणि हिवाळ्यातील वेळ उणे एक तासाची सवलत. २०१८ मध्ये हे कायद्याला धरून उणे संख्येत लिहिले गेले, तेव्हा 'बचत' नेहमी धनच असते असे मानणाऱ्या काही आज्ञावली अडखळल्या आणि त्यांच्यासाठी वेगळे रूप उपलब्ध ठेवावे लागले.

माहितीसाठा कोणाचा?

जगाची घड्याळे ज्या फायलींवर चालतात त्या दीर्घकाळ दोन-चार स्वयंसेवकांच्या भरवशावर होत्या, याची जाणीव जगाला २०११ मध्ये झाली. ३० सप्टेंबर २०११ रोजी अ‍ॅस्ट्रोलेब या अमेरिकी कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर स्वामित्वहक्काचा दावा दाखल केला. कंपनी ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर विकणारी होती. टॉमस शँक्स यांनी संकलित केलेल्या जुन्या वेळांच्या कोशाचे हक्क आपल्याकडे आहेत व त्यातील माहिती येथे वापरली गेली, असे तिचे म्हणणे होते. ६ ऑक्टोबरला ओल्सन यांनी आपला सर्व्हर बंद केला. १४ ऑक्टोबरला इंटरनेटवरील नावे व क्रमांकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने हे काम आपल्याकडे घेतले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेतला. अमुक वर्षी अमुक शहरात किती वाजले होते ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क असू शकत नाही, ही बचावपक्षाची भूमिका होती. जन्मवेळेच्या अचूकतेसाठी ज्योतिषांनी गोळा केलेली जुनी माहिती विमानांच्या आणि बँकांच्या संगणकांपर्यंत पोहोचावी, हा ज्ञानव्यवहारातील एक विलक्षण प्रवास म्हणावा लागेल.

महाविद्यालयीन व्यवहार

आता आपल्या कार्यालयाकडे वळू. सर्व्हर बहुधा यूटीसीवर लावलेले असतात आणि ते योग्यच आहे. मात्र प्रवेशअर्जाची अंतिम मुदत '३१ तारीख, रात्री ११.५९' अशी भरताना क्षेत्र सांगितले नाही, तर ती यूटीसी समजली जाते आणि खिडकी आपल्याकडील पहाटे ५.२९ पर्यंत उघडी राहते. उलट प्रकारही होतो. रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळात सादर झालेले स्वाध्याय आदल्या तारखेचे दिसतात. विलंबशुल्काचा वाद उद्भवल्यास विद्यार्थी आणि कार्यालय दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. पोर्टल तयार करून देणाऱ्याला 'मुदत कोणत्या कालक्षेत्रात साठवता?' हा एक प्रश्न लेखी विचारावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

झालेल्या आणि होणाऱ्या घटनांची नोंद सारख्या पद्धतीने करू नये, हा मुद्दा प्रशिक्षित प्रोग्रामरही विसरतात. उत्तरपत्रिका केव्हा सादर झाली ही घडून गेलेली गोष्ट आहे, तिचा क्षण यूटीसीत साठवावा. पुढील वर्षी लंडनच्या विद्यापीठाबरोबर ठरलेली बैठक 'लंडन येथील सकाळी १०' अशी असेल, तर स्थानिक वेळ आणि 'युरोप/लंडन' हे नाव साठवावे, यूटीसी नव्हे. मधल्या काळात तेथील कायदा बदलला तर सकाळचे १० हे तसेच राहतील, क्षण बदलेल. हा धोका काल्पनिक नाही. युरोपीय संसदेने उन्हाळी वेळ रद्द करण्याच्या बाजूने मार्च २०१९ मध्ये मत दिले होते, पण ते अमलात आले नाही. मेक्सिकोने मात्र २०२२ मध्ये ती बहुतेक भागात खरोखर रद्द केली, तर इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा आणली. सुरुवातीला सांगितलेल्या निमंत्रणपत्रातही 'भारतीय वेळ सायंकाळी ७' एवढेच कालक्षेत्राच्या नावासह कॅलेंडरच्या दुव्यातून पाठविले असते, तर पाहुण्यांच्या संगणकाने उरलेले गणित केले असते. सौजन्याने स्वतः केलेली वजाबाकीच नडली.

दुसऱ्या प्रमाणवेळेची शक्यता

भारतापुरता हा विषय संपला असे मात्र म्हणता येत नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' म्हणून घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची प्रथा फार जुनी आहे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात दोन प्रमाणवेळांचा प्रस्ताव मांडला. त्यात ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबारसाठी ६ तास ३० मिनिटे आणि उर्वरित देशासाठी सध्याचीच वेळ सुचविली होती. सीमारेषा ८९ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर, आसाम व पश्चिम बंगाल यांच्या अरुंद सीमेपाशी असावी, असे त्यांचे म्हणणे होते. शासनाने तो स्वीकारलेला नाही. पण उद्या स्वीकारला, तर माहितीसाठ्यात 'एशिया/गुवाहाटी' यासारखे एक नवे नाव येईल, कारण तेव्हा १९७० नंतरची घड्याळे खरोखरच वेगळी झालेली असतील. कोलकाता सीमारेषेच्या पश्चिमेला असल्याने आपली आठ ओळींची फाईल तशीच राहील. ईशान्येकडील प्रत्येक संगणक, उपस्थितीयंत्र आणि सर्व्हर मात्र आज 'एशिया/कोलकाता' या नावाने लावलेला आहे. नवी आवृत्ती आपोआप उतरली तरी ही उपकरणे जुन्याच नावाची वेळ दाखवीत राहतील आणि प्रत्येकाचे नाव कोणीतरी हाताने बदलावे लागेल.